बाटली क्रमांक ५३-एन

मुंबईत परळ येथे असलेली हाफकिन संस्था आपल्याला सर्पविषावरील औषध आणि लसी यांमुळे ठाऊक आहे. पण ज्यांचे नाव या संस्थेला देण्यात आले, त्या वाल्देमार हाफकिन यांना याच प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून मानहानी सोसून दूर व्हावे लागले होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्याला कारण ठरली लसीची एक बाटली.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगच्या मेलेल्या जंतूंपासून लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लसीची मागणी वाढत गेली आणि १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी काहींचे जबडे आवळले जाऊ लागले. तो धनुर्वात होता. एकूण १९ जण दगावले. या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस दिलेली होती. इतर बाटल्यांतील लस टोचलेल्या एकालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी तिच्यात कार्बोलिक आम्ल घालणे थांबवले होते. आयोगाने यावर बोट ठेवले व जंतू मुंबईतच बाटलीत शिरले, असा निष्कर्ष काढला. ते नेमके कोणत्या टप्प्यावर शिरले हे सांगता येणार नाही, असे लंडनच्या लिस्टर संस्थेच्या तज्ज्ञांचे मत होते. तरीही दोष हाफकिन यांच्याच माथी बसला.

आता पुराव्याकडे पाहू. ही बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू हवेवाचून वाढतात. ते मुंबईत शिरले असते, तर बंद बाटलीतील पोषक द्रवात इतक्या दिवसांत भरपूर वाढले असते आणि त्यांचे विषही साठले असते. बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. शिवाय तयार विष अंगात गेल्याने लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात दुर्गंधीची नोंद नाही आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला. शरीरात ताजे बीजाणू शिरून तेथे रुजतात, तेव्हा साधारण एवढाच काळ लागतो.

मग बीजाणू आले कोठून? चौकशीच्या कागदपत्रांतच एक नोंद होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, विशेषतः जनावरांचे शेण पडते अशा जागी असतातच. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली हे जंतू वेगळे काढले, ते त्यांच्या चिवटपणाचा उपयोग करूनच. मिश्रण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की इतर जंतू मरत, पण हे बीजाणू टिकत. कार्बोलिकमध्येही ते तासन्‌तास तग धरतात. क्षणभर बुडवलेला चिमटा दिसायला स्वच्छ झाला, पण निर्जंतुक झाला नाही.

मलेरियावरील कामासाठी १९०२ सालीच नोबेल पारितोषिक मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये त्यांचे व इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आले. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की मी त्याला ही हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याही हातून एक पिपेट टेबलाला टेकली होती. घाईत मी ती तशीच वापरली आणि तीन आठवड्यांचे काम फेकून द्यावे लागले. माझे नुकसान तेवढ्यावर भागले. रुग्णालयात तीच चूक माणसाच्या जिवावर बेतते.

कारखान्यात लस कितीही काळजीपूर्वक बनवली, तरी तिची शुद्धता शेवटी बूच काढणाऱ्या हातावर अवलंबून असते. बाटल्यांना रबरी झाकणे आली, सुया एकदाच वापरून टाकून देण्याची पद्धत आली, ती या शेवटच्या टप्प्यावरील चूक टाळण्यासाठीच. पण चिमटा खाली पडला तर तसे मोकळेपणाने सांगून दुसरा मागण्याची सवय कोणतेही यंत्र लावू शकत नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेपासूनच लागायला हवी. त्यासाठी 'सर, माझ्या हातून पडला' असे सांगणाऱ्या मुलावर रागावायचे नाही, एवढे तरी आपण शिक्षकांनी करावे.