ओंडका, खतावणी आणि लेफ्टनंट मॉरी

लॉग म्हणजे ओंडका. जुन्या जहाजांवर वेग मोजायला दोरी बांधलेलं लाकूड पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. म्हणून वही लॉगबुक आणि वेग नॉटमध्ये. आम्ही सर्व्हरचे लॉग चाळत बसणारे लोक हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो, पण ओंडका कुणाच्या ध्यानात नसतो. माझ्याही नव्हता. एक चूक केली, तेव्हा कुठे जहाजांपर्यंत पोचलो.

आधी चूक सांगतो. सर्व्हर प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहितो, म्हणजे दिवसाला लाखो ओळी. साहेबांनी महिन्याचा अहवाल मागितला की सगळ्या ओळी पुन्हा वाचायच्या तर चहा दोनदा होतो. म्हणून दर तासाला एक छोटा प्रोग्रॅम त्या तासाचा गोषवारा काढून वेगळा ठेवतो आणि पुढचे सगळे अहवाल त्यावरूनच निघतात. ह्याला म्हणतात समरी इंडेक्स. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "अरे, ही तर खतावणी!" दुकानात दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत, आणि मग माणसामाणसाच्या खात्यावर खतावणीत.

मी गोषवाऱ्यात तासाची सरासरी ठेवली आणि डिस्क वाचवायला मूळ ओळी ३० दिवसांनी पुसायचा नियम केला. शाबासकीही मिळाली. पुढे तक्रारी आल्या, की दोन महिन्यांपासून रात्री पैसे भरताना पान अडकतं. मी समरी उघडली, सरासरी एक सेकंद. सगळं ठीक आहे असं लेखी कळवलं. पण हजारातले पाच जण मिनिटभर ताटकळले तरी सरासरी जेमतेम ०.३ सेकंदाने हलते! कोण ताटकळलं, कुणाचे पैसे दोनदा गेले, हे सांगू शकणाऱ्या ओळी मीच पुसल्या होत्या.

त्या दिवसांत मॅथ्यू फाँटेन मॉरी भेटला (पुस्तकात). अमेरिकन नौदलातला लेफ्टनंट, जन्म १८०६. १८३९ साली घोडागाडी उलटून पाय मोडला, समुद्र सुटला आणि १८४२ मध्ये वॉशिंग्टनला नौदलाच्या नकाशे व उपकरणांच्या कोठाराचा प्रमुख झाला. थोडक्यात, टेबलावर बसवला. तिथे नौदलाच्या जहाजांची जुनी लॉगबुकं पडून होती. सफर संपली, वही जमा, पुन्हा कुणी उघडायची नाही. ह्याने उघडली.

पुढचं काम वाचून मला घाम फुटला. समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात, वर्षाच्या प्रत्येक महिन्यात, सोळा दिशांपैकी कुठल्या दिशेचा वारा कितीदा नोंदला गेला, ते मोजलं. हेही समरी इंडेक्सच, फक्त हाताने. पण बघा, त्याने वाऱ्याची सरासरी काढली नाही. काढली असती तर पूर्वेचा वारा आणि पश्चिमेचा वारा मिळून शांत समुद्र झाला असता! त्याने संख्या छापल्या. कप्तानाला दिसायचं की इथे ह्या महिन्यात वारा इतक्यांदा असा, इतक्यांदा तसा, आणि एकूण नोंदी किती. नोंदी थोड्या असतील तर विश्वासही बेताने ठेवायचा. शिवाय संख्यांमध्ये नव्या जहाजाच्या नोंदी मिळवता येतात. नुसत्या सरासऱ्यांची बेरीज करून हाती काही लागत नाही.

पहिले नकाशे १८४७ मध्ये निघाले. ब्राझीलच्या साओ रोक भूशिराजवळचे प्रवाह जहाज ओढून नेतात म्हणून कप्तान फार पूर्वेकडून वळसा घेत. मॉरी म्हणाला, सरळ जा. १८४८ मध्ये बाल्टिमोरचं एक मालवाहू जहाज त्याचं ऐकून ३८ दिवसांत रिओला पोचलं. एरवी ५५ लागत. मग काय, नकाशे फुकट न्यायचे आणि बदल्यात त्याने आखून दिलेल्या तक्त्यात नोंदी भरून पाठवायच्या, असा सौदाच सुरू झाला. (१८६१ मध्ये तो नोकरी सोडून गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेला जाऊन मिळाला. हुशारीचा आणि शहाणपणाचा संबंध असतोच असं नाही.)

तरी मॉरीचा गोषवारा म्हणजे मॉरीच्याच प्रश्नांची उत्तरं. त्याला जहाज लवकर पोचवायचं होतं. शंभर-दीडशे वर्षांनी वेगळे प्रश्न घेऊन लोक आले, ते गोषवाऱ्याकडे नाही, थेट जुन्या वह्यांकडे. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडहून आपल्याकडच्या समुद्रात येणाऱ्या जहाजांची १७८९ ते १८३४ ची ८९१ लॉगबुकं शास्त्रज्ञांनी वाचून काढली. हवामानाच्या सुमारे २,७३,००० नव्या नोंदी मिळाल्या आणि २०१२ मध्ये त्यावर निबंध आला. १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीनंतर जग किती थंड झालं, ह्याचा शोध त्या आकड्यांत घेतला गेला. आकडा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तांबोरा कुठे आहे हे तरी ठाऊक असेल का?

आता मी सरासरी ठेवत नाही. किती विनंत्या एका सेकंदात, किती पाच सेकंदांत, किती त्याहून जास्त, अशा संख्या ठेवतो. मूळ ओळी वर्षभर दाबून ठेवतो. डिस्कच्या बिलावरून दर तिमाहीला बोलणी खातो.

आजोबांच्या खतावणीत प्रत्येक रकमेपुढे कीर्दीचं पान लिहिलेलं असे, म्हणून कीर्द त्यांनी कधी टाकली नाही. कऱ्हाडच्या माळ्यावर ती लाल चोपडी अजून असतील. काका, दिवाळीत माळा झाडाल तेव्हा रद्दीवाल्याला बोलावू नका. मी येतोय.