रिमोट खिशात ठेवा, नऊ पंचवीस झालेत

हातातला रिमोट आधी खिशात घाला. आपण निघालोय तिथे त्याचा उपयोग नाही. चपला दाराबाहेर काढा, पण कुठे काढल्या ते लक्षात ठेवा. गॅलरीत आधीच तीसेक जोड पडलेत, निघताना एक तुमची आणि एक दुसऱ्याची घालून जाल.

१९८७ चा मे महिना. गिरगावातली चाळ, दुसरा मजला, रविवार सकाळ. ‘सरका हो जरा’ म्हणत एक आजी तुमच्या मांडीला मांडी लावून बसते. कॉटवर सात जण आणि कॉटखाली आंब्यांची अढी. पेंढ्याला कुणाचा पाय लागत नाही ना, इकडे घरमालकांचा एक डोळा. पिकत्या हापूसचा वास, उदबत्तीचा धूर, खोबरेल तेल आणि घाम यांची मिळून एक जाड, गोडसर हवा खोलीत भरून राहिलीय. पंखा गरगर फिरतोय, पण वारा फक्त त्याच्या खालच्या दोघांना. तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. उठायचं म्हणाल, तर उठलेली जागा परत मिळायची नाही.

कोपऱ्यात टीव्ही. लाकडी पेटी, सरकतं शटर, वर क्रोशाचा रुमाल आणि आज रविवार म्हणून झेंडूचा हार. खटका दाबल्यावर आधी नुसती गुणगुण, मग मुंग्याच मुंग्या. गच्चीवर अँटेनापाशी कुणीतरी उभं असतं. ‘आलं का?’ ‘आलं! गेलं! आता हलू नकोस, तस्सा धर!’

साडेनऊ. आधी जाहिराती, एकामागून एक. तुमचा अंगठा खिशातल्या खिशात वळवळतोय ना? राहू द्या. इथे कुणालाच घाई नाही. साबणाचं, चहाचं गाणं पोरं तोंडपाठ म्हणतायत, उशिरा आलेले तेवढ्यात आत घुसतायत, कुणाचं तरी बाळ हातोहात दारापासून त्याच्या आईपर्यंत पोचतंय. मग ‘रामायण’ सुरू होतं आणि खोली गप्प होते. खालच्या रस्त्यावरची भाजीवाल्याची हाळीही थांबते. प्रत्येक खोलीतून एकच आवाज. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात, तरी एक वाक्य चुकायचं नाही.

पण मी तुम्हांला इथे आणलं ते दुसरंच काही दाखवायला. मान जरा मागे वळवा. आतल्या खोलीच्या दारात, चौकटीला खांदा टेकून उभ्या आहेत त्या वहिनी, या घरच्या. तिथून त्यांना अर्धाच पडदा दिसतो. पदर कमरेला खोचलेला, हाताला कणीक. राम बोलतो तेव्हा दिसतो, सीता उत्तर देते तेव्हा एका काकांचं डोकं आड येतं. आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते.

वहिनी आत पळतात. कुकर उतरवतात, दुधाकडे बघतात, तेवढ्यात बाहेर सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरे अरे!’ निघतं. त्या धावत दाराशी येतात. ‘काय झालं?’

‘श्शूऽऽ!’

भाग संपल्यावर त्यांना उत्तर मिळतं, तेही दहा जणांकडून दहा प्रकारचं. तुमच्या शेजारची आजी गॅलरीत उभी राहून हातवारे करत अख्खा प्रसंग पुन्हा उभा करते. या काळातलं ‘रिवाइंड’ ते हेच. त्याला माणसं लागतात आणि ती भरपूर आहेत. वहिनी हसून ऐकतात. पण ज्या क्षणी खोलीतल्या सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, त्या क्षणी त्या दुधावरची साय सारत होत्या. मालिकेचे ७८ भाग झाले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बसून, किती पाहिले म्हणून त्यांना विचारा. एका हाताची बोटं मोजून होतील आणि एखादं बोट उरेलही. टीव्हीचं घड्याळ दिल्लीत आणि वरळीत होतं; वहिनींचं घड्याळ शेगडीवर. दोन्ही जुळली नाहीत, तेव्हा प्रत्येक वेळी हरल्या त्या वहिनीच.

चला, दोन-तीन वर्षं पुढे. तीच खोली, पण रात्र. भाड्याने आणलेला व्हीसीआर मध्यभागी मांडलाय, भोवती सतरंज्या. एका रात्रीत तीन सिनेमे बघून सकाळी मशीन परत करायचं. पोरं पहिल्याच सिनेमात पेंगतात. कॅसेट हातात घेऊन बघा, वजनदार आहे. पाठीवर १८० लिहिलंय, म्हणजे तीन तास. कडेला प्लास्टिकची इवलीशी टिकली दिसते? ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. लग्नाच्या कॅसेटची टिकली स्क्रू ड्रायव्हरने मोडायची आणि पुन्हा भरायची झाली तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची. आता टीव्हीवरचं काही धरून ठेवता येतं, पण आधी कोरी कॅसेट हवी, वेळेवर बटण दाबणारं कुणी हवं, मुळात मशीन हवं. वहिनींच्या वाट्याला अजून चौकटच.

आता लांब उडी. डोंबिवली, २००९, संध्याकाळ. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टीव्ही पसरट झालाय आणि वहिनी आजी झाल्यात. टीव्हीखालच्या काळ्या बॉक्सवर तळहात ठेवा. कोमट लागतो, आतून बारीक घरघर जाणवते. अमेरिकेत असे बॉक्स १९९९ मध्येच आले होते. टाटा स्काय प्लसने २००८ मध्ये ते आपल्याकडे आणले. डिशवरून येणारा कार्यक्रम हा बॉक्स आधी आतल्या हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो आणि तिथूनच वाचून पडद्यावर दाखवतो. तुम्ही थांबवता तेव्हा वाचणं थांबतं, लिहिणं चालूच राहतं. सारी करामत एवढीच, पण तिने घर बदललं.

बघा ना. नातू जेवून उठला आणि मॅच दहा मिनिटं मागून बघतोय, जाहिराती पळवत. खालच्या मजल्यावरून एकदम आरडाओरडा येतो आणि तो कानात बोटं घालतो, कारण खाली पडलेली विकेट त्याच्याकडे अजून पडायचीय. सुनेची मालिका रोज आपोआप साठते. शेजारीण दारात येऊन तोंड उघडते, तोच आतून हाक येते, ‘सांगू नका हं, मी अजून पाहिलं नाही!’ चाळीत सगळे विचारायचे, काय झालं? इथे सगळे म्हणतात, सांगू नका. चाळीतल्या त्या आजींचे हातवारे गेले. मला त्याचं वाईट वाटतं. प्रत्येकाला आपापलं घड्याळ मिळालं आणि एकदम निघणारं ते ‘अरे अरे!’ हरवलं.

तरीही थोडा वेळ थांबा. साडेआठ वाजलेत, मालिका ऐन रंगात आलीय. आजी पाठीला उशी घेऊन, पाय वर घेऊन, पडद्यासमोर मधोमध बसल्यात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. आजींचं अंग जुन्या सवयीने पुढे सरकतं, पण आत सून आहे. तिचं पाऊल वाजतं आणि ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहते. हाताला कणीक.

‘काय झालं, आई?’

आजी रिमोट उचलतात, चष्म्याखालून नीट बघून एक बटण दाबतात. पडद्यावरचा माणूस उघड्या तोंडाने जिथल्या तिथे थांबतो. आजी शेजारची उशी झटकून जागा करतात.

‘अजून काही नाही झालं. हात धुऊन ये सावकाश. थांबवलंय मी.’