खेळाचा तास कापला तर गुण वाढतात का? अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांचा प्रश्न

परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. अमेरिकेतही असंच घडलं, आणि त्याचा फटका लॅटिनो मुलांना जास्त बसण्याचा धोका आहे. कारण त्यांच्यातल्या अनेकांसाठी शाळेचं मैदान हीच खेळायची हक्काची जागा असते.

लॅटिनो म्हणजे कोण?

मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर अशा लॅटिन अमेरिकी प्रदेशांत ज्यांची मुळं आहेत, त्यांना अमेरिकेत लॅटिनो म्हणतात. तिथल्या सरकारी शाळांमध्ये दर चार मुलांमागे एकाहून अधिक मूल लॅटिनो आहे. कॅलिफोर्नियात तर हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे.

खेळाचा वेळ का घटला?

२००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घेणं सक्तीचं झालं. निकाल सुधारला नाही तर शाळेवर कारवाई व्हायची. त्यामुळे अनेक शाळांनी या दोन विषयांचा वेळ वाढवला आणि मधली सुट्टी, खेळ, कला यांचा वेळ कापला. २०१५ मध्ये कायदा बदलला, पण वार्षिक परीक्षा कायम राहिल्या.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०१० मध्ये ५० अभ्यासांचा आढावा घेतला. शारीरिक हालचाल आणि अभ्यासातली कामगिरी यांच्यात तपासलेल्या संबंधांपैकी निम्म्याहून किंचित जास्त संबंध अनुकूल होते. ४८ टक्क्यांमध्ये ठळक फरक दिसला नाही. प्रतिकूल संबंध होते फक्त १.५ टक्के. थोडक्यात, खेळाला वेळ दिला म्हणून अभ्यास मागे पडतो, ही भीती निराधार ठरली.

इलिनॉय विद्यापीठाचे चार्ल्स हिलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना नऊ महिने शाळेनंतर खेळ आणि व्यायाम दिला गेला. लक्ष विचलित होऊ न देणं आणि एका कामावरून दुसऱ्याकडे चटकन वळणं, यात ती इतरांपेक्षा जास्त सुधारली. हा प्रयोग फक्त लॅटिनो मुलांवर नव्हता.

मग धावणारं मूल हुशार होतं का?

इतकं सरळ नाही. तंदुरुस्त मुलांना अनेकदा चांगले गुण मिळतात, पण घरची परिस्थिती दोन्हींवर परिणाम करते. गरीब वस्तीत बागा कमी, क्लबची फी परवडत नाही, रस्ते असुरक्षित. घरात इंग्रजी बोललं जात नसेल तर परीक्षाही अवघड जाते. त्यामुळे कमी गुणांचं खापर मुलाच्या वजनावर किंवा ‘आळसा’वर फोडणं चुकीचं आहे.

आरोग्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सीडीसीच्या २०१७ ते २०२० च्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या २ ते १९ वयोगटातल्या १९.७ टक्के मुलांमध्ये लठ्ठपणा होता. हिस्पॅनिक, म्हणजे साधारणपणे लॅटिनो, मुलांमध्ये हे प्रमाण २६.२ टक्के होतं.

शाळा काय करू शकते?

मुलांनी रोज ६० मिनिटं हालचाल करावी, असं अमेरिकेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कॅलिफोर्नियाचा कायदा प्राथमिक शाळेत दर १० दिवसांत २०० मिनिटं शारीरिक शिक्षण मागतो. म्हणजे दिवसाला २० मिनिटं. उरलेल्या ४० मिनिटांसाठी मधली सुट्टी, उठून-हलून शिकायचे पाठ आणि शाळा सुटल्यावर वस्तीसाठी खुलं ठेवलेलं मैदान उपयोगी पडतं.

शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. ज्या मुलाला शाळेबाहेर खेळायला जागाच नाही, त्याच्यासाठी हा सल्ला सर्वांत मोलाचा आहे.