डॉल्फिनसोबत पोहायचं का? एका तिकिटाचा इतिहास

आजचा भाग आमच्या घरातल्या एका प्रश्नावरून सुरू होतो. मग तो फ्लोरिडाला जातो, सॉलोमन बेटांवर जातो आणि शेवटी आपल्या सिंधुदुर्गात येऊन थांबतो. ज्यांना लोकलमध्ये ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहिलेला भाग.

तर झालं असं. बाबा रिटायर झाले आणि घरात ठरलं, सगळ्यांनी मिळून दुबईला जायचं. आई-बाबा, दादा-वहिनी, माझी सात वर्षांची पुतणी आणि मी. घरात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, त्यामुळे व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं आपसूक माझ्या गळ्यात. प्रत्येकाची काही ना काही फर्माईश होती. पुतणीची एकच.

"काका, मला तुझ्यासारखं डॉल्फिनसोबत पोहायचंय."

"तुझ्यासारखं" ही खरी गोम होती. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या ट्रिपला परदेशात मी हे केलं होतं. लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, ट्रेनरने हाताने खूण केली, डॉल्फिन आला, माझ्या गालाला तोंड लावलं, क्लिक. तो फोटो तेव्हापासून माझा डीपी आहे. खोटं कशाला बोलू, तो दिवस मला प्रचंड आवडला होता.

एका रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो. उथळ पाण्यातलं पॅकेज, खोल पाण्यातलं पॅकेज, फॅमिली पॅकेज. आपण मोबाइल घेताना करतो तशी मी एक्सेलमध्ये तुलना मांडली: किंमत, किती मिनिटं, वयाची अट, फोटो फुकट की पैसे देऊन. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, हे मासे तिथे आले कुठून? तिथे तर सगळं वाळवंट ना?"

मी हुशारी केली. "आई, मासे नाहीत ते. सस्तन प्राणी आहेत."

"बरं, सस्तन. पण आले कुठून?"

माझ्या एक्सेलमध्ये तो कॉलमच नव्हता. आजचा सगळा भाग म्हणजे तो एक कॉलम भरायचा प्रयत्न.

आपल्याला वाटतं, माणूस आणि डॉल्फिन यांची दोस्ती फार जुनी. गोष्टींमध्ये ती जुनी आहेच, ग्रीक कथांमध्येही डॉल्फिन बुडणाऱ्याला वाचवतो. पण तिकीट काढून डॉल्फिन बघणं हा तसा अलीकडचा मामला आहे. त्यातला मोठा टप्पा म्हणजे २३ जून १९३८. त्या दिवशी फ्लोरिडात, सेंट ऑगस्टिन गावाच्या दक्षिणेला, 'मरीन स्टुडिओज' सुरू झालं. नावातला 'स्टुडिओ' लक्षात घ्या. ती जागा बांधली होती पाण्याखालचं सिनेमाचं शूटिंग करायला. मोठाल्या टाक्या, बाजूला काचेच्या खिडक्या, खिडकीमागे कॅमेरा. बांधणाऱ्यांमध्ये एक होते इल्या टॉल्स्टॉय, म्हणजे आपल्या लिओ टॉल्स्टॉयचे नातू. लोक बघायला येऊ लागले आणि कॅमेऱ्यासाठीच्या खिडकीसमोर पब्लिक उभं राहिलं. पुढे ही जागा 'मरीनलँड' म्हणून ओळखली गेली.

आम्ही इंजिनिअर लोक याला ओळखतो. सिस्टिम एका कामासाठी बनवलेली असते, युजर ती दुसऱ्याच कामासाठी वापरायला लागतो, आणि हळूहळू तेच तिचं मुख्य काम होऊन बसतं.

पुढची पायरी म्हणजे शिकवणं. १९४९च्या सुमारास तिथे अ‍ॅडॉल्फ फ्रोन नावाचा सर्कशीतला ट्रेनर आला आणि त्याने 'फ्लिपी' नावाच्या डॉल्फिनला कसरती शिकवल्या. पद्धत आजही साधारण तीच आहे. जमलं की लगेच बक्षीस, म्हणजे मासा. आता बहुतेक ठिकाणी मधे शिट्टी असते. शिट्टी वाजली की डॉल्फिनला कळतं, बरोबर केलं, आता मासा मिळणार. माझ्या गालाला तोंड लावल्यावर वाजलेली ती शिट्टी मला तेव्हा शाबासकी वाटली होती. शाबासकीच होती ती, फक्त आमच्या दोस्तीबद्दल नव्हती. काम झाल्याची पोच होती.

मग आला 'फ्लिपर'. १९६३ साली सिनेमा आणि १९६४ ते १९६७ टीव्ही मालिका. पोरांना संकटातून सोडवणारा, सगळं समजणारा, कायम हसरा डॉल्फिन. पडद्यावर फ्लिपर एकच दिसायचा, पण त्याचं काम वेगवेगळ्या डॉल्फिननी केलं. त्यातली एक होती कॅथी. या डॉल्फिनचा ट्रेनर होता रिक ओ'बॅरी. मालिका संपली, आणि १९७० मध्ये कॅथी गेली. ओ'बॅरी आजवर सांगत आलाय की ती त्याच्या हातातच गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ एप्रिल १९७० रोजी, म्हणजे पहिल्या वसुंधरा दिनी, बहामातल्या बिमिनी बेटावर एका पकडलेल्या डॉल्फिनला सोडवायला गेला म्हणून त्याला अटक झाली. ज्याने आयुष्याची दहा वर्षं ही इंडस्ट्री उभी करण्यात घातली, त्याने पुढची सगळी वर्षं तिच्या विरोधात घालवली. २०१० मध्ये ऑस्कर मिळालेल्या 'द कोव्ह' या डॉक्युमेंटरीत दिसतो, तोच हा माणूस.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉल्फिनचं ते हसू हसू नसतं. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. तो आनंदात असला तरी तसाच दिसतो, आजारी असला तरी तसाच, आणि मेला तरी तसाच. आपला चेहरा मन दाखवतो, म्हणून आपण त्याचाही चेहरा तसाच वाचतो.

१९७२ मध्ये अमेरिकेने समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. योगायोग बघा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. अमेरिकेच्या कायद्याने पकडण्यावर बंधनं आणली, पण लोकांना दाखवण्यासाठी परवाना घेऊन डॉल्फिन ठेवायची वाट उघडी ठेवली. त्याच वाटेने १९८०च्या दशकात नवं फीचर आलं: नुसतं बघू नका, पाण्यात उतरा. आधी फ्लोरिडा कीजमध्ये, मग १९८८ मध्ये हवाईच्या एका रिसॉर्टच्या आवारात. मुक्काम हॉटेलात आणि डॉल्फिन लॉबीपासून चार पावलांवर. आजचं 'फॅमिली पॅकेज' जन्मलं ते साधारण इथे.

सरकारला धोका दिसत नव्हता असं नाही. अनोळखी माणसं सतत अंगाला हात लावतात, त्याचा डॉल्फिनला त्रास होतो आणि कधी कधी माणसालाही इजा होते, हे दिसत होतं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खास पोहण्याच्या कार्यक्रमांसाठी नियम काढले. त्यात दोन गोष्टी होत्या. एका डॉल्फिनला दिवसात दोन तासांपेक्षा जास्त माणसांसोबत ठेवायचं नाही. आणि पाण्यातच एक कोपरा असा ठेवायचा जिथे माणसाला मज्जाव, म्हणजे डॉल्फिनला कंटाळा आला तर तो तिथे जाऊन थांबू शकेल. किती साधी मागणी! पण काही महिन्यांतच, १९९९ मध्ये, या नियमांची अंमलबजावणी स्थगित झाली. पुढच्याच वर्षी ऑरलँडोत 'डिस्कव्हरी कोव्ह' उघडलं, डॉल्फिनसोबत पोहणं हेच मुख्य आकर्षण असलेलं.

हे वाचताना मला माझाच फोटो आठवला. तिथे चार डॉल्फिन होते. तिघं काम करत होते आणि एक सारखा कडेच्या जाळीपाशी जाऊन थांबत होता. ट्रेनर हसून म्हणाली, "आज त्याचा मूड नाहीये." आम्ही सगळे हसलो. त्याला मूड नसेल तर जायला जागा कुठे होती, हा विचार माझ्या डोक्यात तीन वर्षांनी आला.

आता आईच्या प्रश्नाकडे. आले कुठून?

काही डॉल्फिन टाकीतच जन्मलेले असतात. पण धंदा वाढला तसे समुद्रातून पकडलेलेही लागले. त्याचं नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे पॅसिफिकमधली सॉलोमन बेटं. २००३ मध्ये तिथून २८ डॉल्फिन विमानाने मेक्सिकोतल्या कॅनकूनला गेले. त्यावर इतका गदारोळ झाला की २००६ मध्ये मेक्सिकोने अशा आयातीवर बंदी घातली. मग २००७च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा २८ डॉल्फिन त्याच बेटांवरून निघाले. या वेळी गेले दुबईला, पाम बेटावर तेव्हा बांधकाम सुरू असलेल्या एका भव्य रिसॉर्टसाठी. रिसॉर्ट २००८ मध्ये उघडलं.

मी आईला सांगितलं. तिने विचारलं, "त्यांची पिल्लं तिथेच राहिली असतील का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय? आपल्याकडेही झालंय. १९९०च्या दशकाच्या शेवटी चेन्नईजवळच्या एका पार्कमध्ये बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते मेले. तरी २०१०नंतर पुन्हा ठिकठिकाणी डॉल्फिन पार्कचे प्रस्ताव आले. केरळात, दिल्लीच्या आसपास, आणि आपल्या सिंधुदुर्गासाठीसुद्धा. ज्या किनाऱ्यासमोर समुद्रात डॉल्फिन आहेतच, तिथे टाकीत डॉल्फिन ठेवायचा बेत! मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की देशात डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही. त्या पत्रकात एक विलक्षण विचार होता: डॉल्फिन इतके बुद्धिमान आहेत की त्यांच्याकडे 'मानवेतर व्यक्ती' म्हणून बघायला हवं आणि त्यांना स्वतःचे हक्क असायला हवेत. मला वाटतं, आपल्या सरकारी कागदांमध्ये अशी भाषा क्वचितच सापडेल.

म्हणजे स्थिती अशी की जे भारतात चालत नाही, ते करायला आपण विमानाचं तिकीट काढून जातो. आणि मी गेलोही होतो.

बाकीचं जगही हलतंय. २०२१ मध्ये एक्सपीडिया या बुकिंग कंपनीने बंदिस्त डॉल्फिनच्या शोची आणि पोहण्याची तिकिटं विकणं बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी हवाईत जंगली स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत पोहत जायला बंदी आली, कारण ते दिवसा किनाऱ्याजवळ झोपायला येतात आणि पर्यटक त्यांना झोपू देत नव्हते. २०२५ मध्ये मेक्सिकोने डॉल्फिनचे शो बंद करणारा कायदा केला. हवाईचं उदाहरण मुद्दाम दिलं. 'आमचे डॉल्फिन समुद्रातले आहेत' एवढं म्हटलं की सगळं ठीक, असं नसतं.

आता सगळ्यात अवघड भाग. पुतणीला सांगणं. दादा म्हणाला, "सांगून टाक बुकिंग फुल आहे." सोपं होतं. पण ज्या फोटोमुळे तिला हे हवं होतं तो माझा होता, म्हणून खोटं बोलवेना. तिला जवळ बसवलं आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हसू, शिट्टी, मासा, विमान. ती रडली नाही, पण चिडली.

"मग तू का गेलास?"

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस?"

नाही विचारलं. हेच खरं उत्तर आहे.

दुबईला आम्ही गेलो, मजा केली. क्रीकवरून पलीकडे नेणारी अब्रा, ती लाकडी होडी, एका दिऱ्हममध्ये, हे पुतणीला सगळ्यात आवडलं. तीन वेळा इकडून तिकडे केलं आम्ही. डॉल्फिनचं नाव तिने एकदाच काढलं, विमानतळावरच्या जाहिरातीसमोर. मी काही बोललो नाही.

दिवाळीत देवबागला गेलो. तिथेही 'डॉल्फिन पॉइंट' असतो आणि तिथेही होड्या डॉल्फिनच्या मागे लागतात, हे सांगायला हवं. आपल्या किनाऱ्यावर दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन आज धोक्यात असलेल्या प्राण्यांत गणला जातो. आम्ही होडीवाल्या काकांना आधीच सांगितलं, पाठलाग नको, लांब थांबा आणि इंजिन बंद ठेवा. ते म्हणाले, "दिसतीलच असा भरवसा नाय हां." आम्ही चालेल म्हटलं. अर्धा तास नुसतं हलत बसलो. आईला मळमळायला लागलं. मग लांबवर एक करडी पाठ वर आली, पुन्हा एकदा आली, आणि गेली. फोटोत फक्त पाणी आलं.

"एवढंच?" पुतणीने विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

ती परत येईपर्यंत त्या दिशेलाच बघत होती.

तर मंडळी, सुट्टीत प्राण्यांचं कुठलंही तिकीट काढायच्या आधी तुमच्या यादीत आमच्या आईचा कॉलम घाला: हे आले कुठून? आणि शेजारी माझा एक: त्याला नको असेल तर तो जाऊ शकतो का? दोन्हींचं नीट उत्तर मिळालं नाही, तर पैसे ठेवा खिशात. तुम्हीही असं पोहला असाल तर मला नक्की कळवा. मी नावं ठेवणार नाही, कुठल्या तोंडाने ठेवू? डीपी मात्र बदललाय. आता तिथे नुसतं पाणी आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!