एक चित्र, दोन आवाज

जुन्या टीव्हीची वेळापत्रकं वाचायची मला हौस आहे. लोकांनी कधी जेवावं, मुलांनी कधी झोपावं, कोणाला काय शिकवावं, याबद्दल एखाद्या समाजाच्या कल्पना त्यात उघड दिसतात. ब्रिटनमध्ये कृष्णधवल टीव्हीच्या काळात, १९५७च्या फेब्रुवारीपर्यंत, संध्याकाळी सहा ते सात हा तास पडदा रिकामा असे. मुलांचे कार्यक्रम संपले, आता आईबापांनी त्यांना झोपवावं आणि मग मोठ्यांचे कार्यक्रम सुरू व्हावेत, अशी ती सोय होती. १९५५मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही आली. तिच्या दृष्टीने रिकामा तास म्हणजे बुडालेलं उत्पन्न, त्यामुळे तो फार दिवस रिकामा राहिला नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारं वेळापत्रक मात्र बंगळुरूपासून एका रात्रीच्या प्रवासावरचं आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतल्या निवडक खेड्यांत रोज चार तास टीव्ही दिसत होता. ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला. कार्यक्रम, संच आणि जमिनीवरची बाकी सगळी यंत्रणा भारताची. १९६९च्या करारामागे विक्रम साराभाईंची दृष्टी होती, पण प्रयोग बघायला ते राहिले नाहीत. तो प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस आघाडीवर होते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री उभी राहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसलीच ती जाळी. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत.

बंगळुरूत तेव्हा टीव्ही नव्हता. इथल्या पीण्याच्या शेडमध्ये आर्यभट उपग्रह तयार झाला आणि एप्रिल १९७५मध्ये तो अवकाशात गेला, पण शहरातल्या एकाही दिवाणखान्यात टीव्हीवर लावायला कार्यक्रम नव्हता. कर्नाटकात टीव्ही आधी खेड्याने पाहिला, राजधानीने नंतर.

आता त्या वेळापत्रकाकडे वळू. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा, प्रत्येकीला साडेबावीस मिनिटं. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक यांसाठी अडीच तास. त्यातला अर्धा तास सर्वांसाठी सामाईक, दिल्लीहून हिंदीत. उरलेल्या दोन तासांचे चाळीस मिनिटांचे तीन तुकडे. इथे हिशेब अडतो. भाषा चार आणि तुकडे तीन.

उत्तर यंत्रात होतं. उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन वेगवेगळे आवाज पाठवता येत. म्हणून तेलुगू आणि कन्नड यांना चाळीस मिनिटांचं एकच चित्र मिळालं. त्याच शेतकऱ्याचं तेच शेत मेहबूबनगरच्या गावात तेलुगू बोले आणि रायचूरच्या गावात कन्नड.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या चाळीस मिनिटांपाशी पुन्हा पुन्हा थांबते. पुस्तकात मूळ कोणतं आणि भाषांतर कोणतं हे ठरलेलं असतं. इथे दोन्ही आवाज एकाच क्षणी निघत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या लेखी आपलाच आवाज मूळ. अडचण ओठांची. पडद्यावर कोणी समोर बघून बोलू लागलं, की दोघांपैकी एका भाषेचं सोंग उघडं पडणार. म्हणजे असं चित्र जितकं हातांवर, अवजारांवर, मातीवर राहील तितकं ते दोन्हीकडे खपणार.

आणि माती खरोखरच सामाईक होती. गुलबर्गा, रायचूर, मेदक, मेहबूबनगर हे सगळे १९५६पर्यंत निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात होते. ज्वारी, कोरडवाहू शेती, पावसाची वाट बघणं, हे सगळं एकच. भाषावार प्रांतरचनेने त्यांची दोन राज्यांत वाटणी केली. वीस वर्षांनी चित्राने त्यांना पुन्हा शेजारी बसवलं, तेही प्रत्येकाची भाषा कायम ठेवून. कर्नाटकात टीव्ही केंद्रच नसल्यामुळे या कार्यक्रमांची निर्मितीही मुख्यतः हैदराबादला होई.

त्याच हैदराबाद राज्याचा तिसरा तुकडा म्हणजे मराठवाडा. तो प्रयोगाबाहेर राहिला. मराठी टीव्ही तेव्हा १९७२मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्राचा आणि १९७३पासून पुण्याचा. विजापूर जिल्ह्याच्या सोलापूरला लागून असलेल्या पट्ट्यात घरात मराठी बोलणारी माणसं आहेत, पण वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी तिसरा आवाज लागला असता आणि यंत्रात जागा दोनांचीच होती. या माणसांना कन्नड समजतं, म्हणून ही उणीव कोणाला टोचली नसेल. सीमाभागातली माणसं भाषांतराचं काम रोज मनातल्या मनात आणि विनामूल्य करतात.

हिंदीच्या अर्ध्या तासाचं काय? प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी लागू होऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. कोणतं खत कधी टाकावं हे सरकार कन्नडमधून सांगत होतं आणि देशाची खबर हिंदीतून. उपयोगाच्या गोष्टींना दोन आवाज आणि सत्तेच्या गोष्टींना एक, ही विभागणी मला योगायोगाची वाटत नाही. सत्तेला आपल्या शब्दांचं भाषांतर करून घेण्याची गरज वाटत नाही, ऐकणाऱ्यानेच तिची भाषा शिकावी असं ती धरून चालते.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. १९७७मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र आलं, बंगळुरूला १९८१मध्ये. १९८२च्या १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास रंगही आला. चित्र सगळ्या देशाला एकच आणि आवाजही एकच, हिंदी किंवा इंग्रजी. यंत्रं सुधारली, पण दुसऱ्या आवाजाची कल्पना मागे पडली.

आज माझ्या बंगळुरूच्या घरात मालिका लावताना पडदा विचारतो, कोणत्या भाषेत ऐकणार? यादीत बऱ्याचदा कन्नड असते, तेलुगू असते, कधी मराठीही. ही यादी बाजार ठरवतो. गिऱ्हाईक पुरेसं असेल त्या भाषेला आवाज मिळतो. १९७५मध्ये रायचूरच्या खेड्यातल्या माणसाकडून एक पैसाही मिळण्याची अपेक्षा नव्हती. तरी त्याच्यासाठी कोणीतरी बसून तेच चित्र त्याच्या भाषेत बोलतं केलं होतं. कृष्णधवल टीव्हीच्या इतिहासात त्या माणसांची नावं सापडत नाहीत. मी त्यांना माझ्या व्यवसायातले पूर्वज मानते.