धाराऊचं दूध आणि बर्नची उंची

पुणे-सातारा रस्त्यावर जिथे भोरचा फाटा फुटतो, ते गाव कापूरहोळ. शिवकाळ वाचणाऱ्यांना ते धाराऊ गाडे यांचं गाव म्हणून माहीत असतं. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंना दूध पुरेसं येत नव्हतं, म्हणून कापूरहोळची धाराऊ दूधआई झाली, असं परंपरा सांगते. ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर सईबाईंचं निधन झालं. बाळराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते.

दूध का आलं नाही, हा प्रश्न आजच्या वाचकाला लगेच पडतो आणि त्याचं उत्तर देऊन टाकण्याचा मोहही होतो. असं उत्तर कधी देता येतं आणि कधी नाही, हे समजून घ्यायला त्याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका आजाराचा इतिहास उपयोगी पडतो.

आईला दूध येतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीच्या सांगण्यावरून. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पियुषिका. पीयूष म्हणजे अमृत, आणि संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, म्हणजे आपला चीकसुद्धा. दूध आणणारं प्रोलॅक्टिन इथूनच पाझरतं आणि शरीर वाढवणारं संप्रेरकही इथूनच. ही दोन भावंडं इतकी सारखी आहेत, की माणसात प्रोलॅक्टिन वेगळं असतं हे पक्कं व्हायला १९७०चा सुमार उजाडला.

या ग्रंथीत कधी कधी एक गाठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण वाढीचं संप्रेरक बेसुमार सोडत राहते. हाडांची टोकं जुळण्याआधी, म्हणजे लहान वयात हे घडलं, तर उंची वाढतच जाते. मोठेपणी घडलं तर उंची वाढायला जागा नसते. मग हाताचे पंजे, पावलं, जबडा, नाक, जीभ वाढतात. या दुसऱ्या प्रकाराला ॲक्रोमेगली म्हणतात.

त्याची लक्षणं सुटी सुटी पाहिली तर अगदी साधी वाटतात. लग्नातली अंगठी बोटातून निघत नाही. बांगड्यांचं माप बदलतं. चप्पल दर दोन वर्षांनी एक नंबर मोठी घ्यावी लागते. दातांत फटी पडतात, आवाज जाड होतो, घोरणं वाढतं, घाम फार येतो. सांधे दुखतात, हाताला मुंग्या येतात, डोकं दुखतं. बायकांची पाळी बिघडते, क्वचित बाळंतपण नसताना दूधही येतं. गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाबली, की दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं. मधुमेह आणि रक्तदाब मागोमाग येतात. पण हे सगळं इतकं सावकाश होतं, की रोज चेहरा पाहणाऱ्या घरच्यांनाच ते दिसत नाही. प्रत्येक तक्रारीवर वेगळा डॉक्टर वेगळी गोळी देतो आणि निदानाला बरीच वर्षं लागतात.

१८८६मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात पिएर मारी या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत छापली आणि आजाराला नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘आक्रोन’ म्हणजे टोक आणि ‘मेगास’ म्हणजे मोठं. मूळ कुठे आहे, हे मात्र अजून ठरायचं होतं. कोणी म्हणे ग्रंथी कमी काम करते, कोणी म्हणे जास्त. अमेरिकेतले शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी मार्च १९०९मध्ये एका शेतकऱ्याच्या ग्रंथीचा काही भाग काढला. त्याला आराम पडला, आणि दोष अतिकामाचा आहे, या मताला बळ मिळालं.

त्याच वर्षी कुशिंग लंडनला गेले. तिथे चार्ल्स बर्न या ‘आयरिश राक्षसा’चा सांगाडा होता. बर्न १७८२मध्ये लंडनला आला. लोक पैसे देऊन त्याला पाहायला येत. जून १७८३मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी तो गेला. आपलं शरीर फाडून मांडलं जाईल, या भीतीने त्याने समुद्रात दफन मागितलं होतं. तरी जॉन हंटर या शल्यविशारदाने पैसे चारून ते मिळवलं आणि सांगाडा संग्रहालयात उभा केला. त्याची उंची साधारण २३१ सेंटिमीटर भरते. कुशिंग आणि आर्थर कीथ यांनी कवटी उघडली, तेव्हा ग्रंथीची खोबण मोठी झालेली दिसली. २०११मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत ‘एआयपी’ या जनुकाचा दोष सापडला. तोच दोष आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांतही निघाला. त्या घरांतल्या मुलांची तपासणी आता वेळेत होऊ शकते. २०२३मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हा बर्न प्रदर्शनात नव्हता. संशोधनासाठी मात्र सांगाडा ठेवून घेतला आहे. त्याची इच्छा २४० वर्षांनीही अर्धीच पाळली गेली.

बर्नचं निदान झालं, कारण हाड शिल्लक होतं, तेही त्याच्या मर्जीविरुद्ध. सईबाईंबद्दल आपल्याकडे एकच ओळ आहे: दूध कमी होतं. मागचं-पुढचं काही नाही. दूध कमी येण्याची कारणं डझनभर असतात. एका लक्षणावरून आजार ठरवणं हा इतिहासावरही अन्याय आणि वैद्यकावरही. त्या ओळीवर आजाराचं नाव चिकटवण्यापेक्षा धाराऊचं नाव आणि गाव आपल्याला माहीत आहे, हे जास्त मोलाचं. दूध पाजणाऱ्या किती बायकांची नावं इतिहासात उरली?

जिवंत माणसांचं तसं नाही. त्यांचं मागचं-पुढचं आपल्यापाशी असतं. संगणकाच्या कामात आम्ही प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक काढतो. या आजारात डॉक्टर जुने फोटो मागतात, तेही त्याचसाठी. लग्नाचा अल्बम, दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो आणि आजचा चेहरा ओळीने ठेवले, की जबडा आणि नाक बोलू लागतात. पुढे ‘आयजीएफ-१’ ही रक्ततपासणी, साखरेचं पाणी पाजून केलेली चाचणी आणि एमआरआय. गाठ बहुतेक वेळा नाकातून काढता येते, उरलं तर इंजेक्शनं किंवा किरणोपचार असतात. लवकर कळलं तर हृदय आणि डोळे वाचतात. वाढलेलं हाड मात्र पुन्हा लहान होत नाही. म्हणून आईची अंगठी अडकू लागली आणि वडिलांच्या चपलेचा नंबर पन्नाशीत वाढू लागला, तर ‘वयच झालं’ म्हणण्याआधी एकदा अल्बम काढून पाहावा.