पुण्याच्या शस्त्रवैद्याचे मेणाचे माप

टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेच्या दिमतीस असलेला कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्यानजीकच्या, विटा पाडणाऱ्या ज्ञातीतील एका शस्त्रवैद्याने त्यास नवे नाक दिले, ही हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये सचित्र छापली. नाकाच्या खुंटावर बसवलेली मेणाची पातळ पट्टी सपाट करून वैद्याने कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ आखून त्वचा सोडवली, आणि रक्ताभिसरण अबाधित राहावे म्हणून डोळ्यांमधील चिंचोळा दुवा राखून ती खाली वळवली व भिजवलेला कात लावलेल्या कापडी पट्ट्यांनी बसवली. तो दुवा सुमारे २५व्या दिवशी छेदला. १८१४ मध्ये इंग्रज शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी लंडनात हीच क्रिया केली.

चेहरा पुन्हा घडवण्याची ही विद्या पुढे वाढत गेली आणि २००५ साली फ्रान्समध्ये चेहऱ्याचे पहिले आंशिक प्रत्यारोपण झाले. आता सीटी स्कॅनवरून कवटीची त्रिमिती प्रतिकृती रचण्यास आणि नव्या चेहऱ्याच्या हालचाली मोजण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाऊ लागले आहे. तथापि छेदापूर्वी माप, हे तत्त्व तेच राहिले; म्हणूनच त्या अनामिक कारागिराची हकिकत प्रत्येक शाळेत सांगितली जाणे, हे आपले कर्तव्य होय.